समोरून शिकवलेली लेझीम

ओवीच्या नाचाच्या क्लासला मी त्या दिवसापर्यंत कधी आत गेलोच नव्हतो. जवाहर नगरमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर तो भरतो. सोडण्या-आणण्याचं काम बायकोचं. कधी माझ्यावर आलंच तर मी खाली स्कूटरवर बसून मोबाइल बघत राहतो. त्या दिवशी नेमकी आंधी सुटली. मे महिन्यातली जयपूरची आंधी म्हणजे दातांखाली धुळीची कचकच आणि डोळ्यांत चुरचुर. म्हणून जिना चढून वर गेलो, चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहिलो आणि काचेच्या दारातून आत बघू लागलो. उन्हाळी शिबिराच्या शेवटच्या दिवसासाठी घूमर बसवणं चाललं होतं.

पंधरा-वीस मुली ओळीत उभ्या होत्या. समोर, मुलींकडे तोंड करून, त्यांच्या मॅडम. मॅडम म्हणाल्या, "दायाँ पैर," आणि त्यांनी स्वतःचा डावा पाय उचलला. मुलींनी उजवा उचलला.

एवढंच घडलं. कुणाचं काही चुकलं नव्हतं, घागरे छान गोल फिरत होते, पंख्याखाली पावडरीचा आणि घामाचा वास कोंडला होता. तरी हातातली ओवीची पाण्याची बाटली कधी सुटली ते कळलं नाही. पाणी चपलांमध्ये गेलं, शेजारच्या एक आजी मला बरंच काही बोलल्या, मी काचेतून मॅडमचे पायच बघत होतो.

क्लास सुटल्यावर ओवीला विचारलं की मॅडम उजवा म्हणून डावा का उचलतात. तिनं माझ्याकडे जरा कीव येऊन बघितलं. आठ वर्षांची आहे. तिचं मराठी हिंदीच्या टेकूवर उभं असतं.

"बाबा, मॅम मिरर करते ना. मतलब आम्ही समोर आहोत ना, तर ती स्वतः उलटं करते. इतना तो सबको पता है."

सबको पता है. मी शाळेत गणित शिकवतो. सातवीच्या वर्गाला दर वर्षी आरशातलं प्रतिबिंब शिकवतो, फळ्यावर उभी रेघ मारून तिच्या दोन बाजूंना दोन त्रिकोण काढतो, ज्याला कळलं नाही त्याला चार गोष्टी सुनावतो. आणि तीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की हे माझ्या बहिणीला कुणी सांगितलं होतं का.

मितू माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. कागदोपत्री संघमित्रा. बाबा रेल्वेत फिटर होते, मूळ मूर्तिजापूरकडचे. त्यांची बदली होऊन आम्ही जयपूरला आलो तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि मितू आईच्या पोटात. रेल्वेच्या पिवळ्या क्वार्टरांच्या त्या कॉलनीत आमच्यासारखी अकोला-भुसावळ-नागपूरकडची आठ-दहा घरं होती. बाकी सगळे राजस्थानी, बिहारी, एक-दोन पंजाबी. दुपारी प्रत्येक खिडकीतून कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास यायचा, त्यात डिझेलचा वास मिसळलेला असायचा. तो मिसळलेला वास मला आजही कुठे आला तर मी मान वळवून बघतो. ज्वारीचं पोतं गावाहून कुणाच्या तरी सोबत गाडीने यायचं आणि त्या दिवशी आठ-दहा घरांत एकाच वेळी भाकरी थापल्याचा आवाज उठायचा. शेजारच्या शर्मा आंटी तो आवाज ऐकून विचारायच्या, आज तुमच्यात काही सण आहे का.

आमचा खरा सण म्हणजे जयंती. आमच्याकडे नुसतं जयंती म्हटलं की एकच, चौदा एप्रिलची. थंडी ओसरली, तिळाच्या गजकच्या आणि मूंगफलीच्या गाड्या दिसेनाशा झाल्या, निंबाची पानं गळून नवी तांबूस पालवी फुटली की बाबा माळ्यावरचं गोणपाट खाली काढायचे. त्यात बावीस लेझिमा. गोणपाट सुटलं की आधी वास यायचा, गंजाचा, जुन्या लाकडाचा आणि मागच्या वर्षी लावलेल्या सरसोंच्या तेलाचा. मग आम्ही पोरं गच्चीवर बसून चिंचेनं आणि राखेनं चकत्या घासायचो. बोटं काळी व्हायची, चकत्या पिवळ्या व्हायच्या. आई म्हणायची, भांडी कधी एवढी घासली असती तर.

तालीम रोज संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात व्हायची. बाबा ड्युटीवरून आले त्याच कपड्यांत थेट तिथे यायचे, गळ्यात शिट्टी, कपाळावर ग्रीसचा एखादा डाग. हलगी वाजवणारं इथे कुणी नव्हतं, म्हणून स्टेशनाबाहेरच्या एका ढोलवाल्या भैयाला बाबांनी हलगीचा ठेका तोंडानं म्हणून म्हणून शिकवला होता. बावीस पोरं दोन ओळींत, आणि ओळींसमोर, आमच्याकडे तोंड करून, बाबा. एक ते बत्तीस मोजण्यांचा तो एकच नाच त्यांना त्यांच्या गावच्या वस्तादानं असाच समोर उभं राहून शिकवला होता. "माह्याकडं बघा रे," ते ओरडायचे, "मी करतो तसंच करा." उजवा म्हणत त्यांचा डावा पाय उठायचा. आम्ही उजवा उचलायचो. त्यात काही उलट आहे हे आम्हाला कधी दिसलंही नाही. समोरच्याचा पाय ज्या बाजूला गेला त्या बाजूला आपला, एवढं अंग आपोआप करतं.

मितूचं अंग काहीच आपोआप करत नसे. घरातल्या दोन दारांच्या चौकटींना ती रोज धडकायची, त्याच दोन. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवल्याशिवाय पुढे जायची नाही. चेंडू फेकला तर तो छातीवर आदळून खाली पडल्यावर तिचे हात पुढे यायचे. बुटाची नाडी बांधायला ती दहाव्या वर्षी शिकली, तेही स्वतःशी पुटपुटत, एकेक कृती मोठ्याने म्हणत. संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर असायचं, आभाळ पतंगांनी भरलेलं, आणि मितू खाली जिन्यात बसून कुणाचे किती कटले ते आवाजावरून वहीत लिहायची. गाड्यांचं वेळापत्रक मात्र तिला तोंडपाठ. कुठली पॅसेंजर किती मिनिटं उशिरा आहे हे ती भोंग्यावरून सांगायची आणि स्टेशनवरची माणसं बाबांना विचारायची, तुमची मुलगी काय खाते.

आणि या मुलीला लेझीम खेळायची होती. तिनं स्वतः मागितलेली ती पहिली गोष्ट. ती नऊ वर्षांची होती, मी चौदाचा. बावीस लेझिमांचा एकदम होणारा खळखळाट तिला सहन व्हायचा नाही, म्हणून आई तिच्या कानांत कापसाचे बोळे घालून द्यायची. तसे बोळे घालून ती रोज सगळ्यांच्या आधी मैदानात हजर असायची. बाबांना किती आनंद झाला होता ते मला आठवतं. त्यांनी तिच्यासाठी सगळ्यांत हलकी लेझीम निवडून तिच्या मुठीला स्वतःचा रुमाल गुंडाळून दिला होता.

पहिल्या दिवसापासून ती उलट करायची. सगळी ओळ उजवीकडे झुकली की मितू डावीकडे. सगळे पुढे आले की तिचा दुसराच पाय पुढे. उशीर नाही, घाई नाही, ठेका चुकलेला नाही, नुसतं उलट. बाबांनी तिच्या उजव्या मनगटाला लाल फीत बांधून बघितली. तिला उजवा हात दाखव म्हटलं की ती क्षणात दाखवायची, डावा म्हटलं की डावा. म्हणजे हिला कळतंय. तरी ओळीत गेली की उलट. मग आमच्या शहाण्या डोक्यांनी जे काढायचं तेच अनुमान काढलं, की पोरगी मुद्दाम करते.

तिला तयार करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण ओळीत पहिला मी उभा राहायचो. बाबांचा चेला म्हणून माझ्या अंगात वारं शिरलेलं. रोज गच्चीवर मी तिच्यासमोर उभा राहायचो, अगदी बाबांसारखा, तोंडानं उजवा म्हणायचो आणि बाबांसारखाच डावा उचलायचो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मी त्यांची नक्कल करत होतो. ती माझ्या पायांकडे टक लावून बघायची आणि डावा उचलायची. मी तिची वेणी ओढली आहे. एकदा पाठीत धपाटाही घातला आहे. ती रडली नाही. खाली बघून म्हणाली, परत कर, मी नीट बघते.

त्या गच्चीवर ती बरोबर होती. माझा जो पाय उठत होता तोच पाय ती उचलत होती.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी शेवटची तालीम होती. दोन्ही ओळी जवळ येण्याच्या जागी सगळे एकीकडे वळले, मितू दुसरीकडे वळली आणि तिची लेझीम शेजारच्या लहान मुलीच्या भुवईवर बसली. रक्त आलं. फार नव्हतं, पण त्या पोरीच्या आईने मैदान डोक्यावर घेतलं. मी लेझीम खाली टाकली आणि सगळ्यांसमोर बाबांना म्हणालो, "हिला काढा. नाहीतर मी उद्या येत नाही." हे वाक्य मला शब्दाशब्दानं आठवतं, त्यासाठी कुणाच्या आठवणीची गरज नाही. बाबांनी शिट्टी तोंडाशी नेली, ती न वाजवताच खाली सोडली, मितूच्या हातातली लेझीम काढून घेतली आणि तिच्या मुठीचा रुमाल सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती, त्यामुळे त्याला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत मितूला टेम्पोवर तसबिरीशेजारी बसवलं. पांढरा फ्रॉक, केसांत निळी रिबीन. सगळ्यांना वाटलं, किती मानाची जागा मिळाली. निळा गुलाल उडत होता, स्टेशनच्या रस्त्यावर लोक थांबून बघत होते, बुंदीचे द्रोण वाटले जात होते. ती गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती आणि मिरवणूकभर तिनं मान वर केली नाही. बाबा टेम्पोच्या पुढ्यात नाचत होते. मी त्या दिवशी कधी नव्हे इतका सुंदर खेळलो, सगळ्यांनी पाठ थोपटली. घरी येऊन मी तीन वाट्या खीर खाल्ली, हेही मला आठवतं.

त्यानंतर ती ओळीत गेली नाही. शाळेत कवायतीच्या तासाला तिला वर्गात बसवत. कॉलनीतल्या लग्नांत बायका घूमरला उभ्या राहिल्या की सगळ्यांच्या पर्सा मितूच्या मांडीवर यायच्या आणि ती त्या रंगांप्रमाणे लावून ठेवायची. श्रावणातल्या तीजेला झोपाळे बांधले जायचे, ती दोर मोजायची. शिकली भरपूर, दुर्गापुऱ्यात बियाण्यांच्या एका प्रयोगशाळेत नोंदी ठेवण्याची नोकरी मिळवली, तिथल्याच स्टेशनजवळ दोन खोल्या घेऊन एकटी राहू लागली. आम्ही म्हणायचो, मितूचं वेगळंच आहे.

ती तिशीत असताना एका डॉक्टरबाईंनी त्या वेगळेपणाला नाव दिलं, ॲस्पर्गर्स, ऑटिझमचाच एक प्रकार. अशा माणसांना हालचालींचा मेळ बसवणं, दुसऱ्याचं बघून तसं करणं जड जाऊ शकतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्यांनी काही चूक सांगितलं नाही. चौकटी, नाड्या, चेंडू, सगळं त्यात बसत होतं. पण आम्हाला नाव मिळालं आणि आम्ही हुश्श केलं. उरलंसुरलं सगळंच त्या नावात कोंबून टाकलं. त्यात लेझीमही गेली.

दोन वर्षांपूर्वी बाबा आजारी होते, शेवटचेच दिवस. एका दुपारी मी त्यांना मोसंबी सोलून देत होतो. ते छताकडे बघत म्हणाले, "मितूले लायनीतून काढलं ना मी, ते बरं नाई केलं. पोट्टी महिनाभर नाचली होती." मी त्यांची समजूत काढली. म्हटलं, बाबा, तिला जमणारच नव्हतं, तिच्या मेंदूची ठेवणच तशी आहे, तुमचा काही दोष नाही. मी हे इतक्या मायेनं, इतक्या खात्रीनं सांगितलं की त्यांनी डोळे मिटले. एका माणसाला खरं काय ते कळण्याची शेवटची संधी होती आणि मी ती मोसंबीच्या सालींबरोबर फेकून दिली.

हे सगळं जवाहर नगरच्या त्या जिन्यात, चपलांच्या ढिगाशेजारी, एकदम अंगावर आलं. आंधी ओसरली होती. ओवीला मागे बसवलं आणि स्कूटर घराकडे, वैशाली नगरकडे न वळवता दुर्गापुऱ्याच्या रस्त्याला लावली. वाटेत तीनदा वाटलं, परत फिरावं. एकोणचाळीस वर्षांच्या बाईला जाऊन सांगायचं तरी काय? की तुझं शरीर त्या वेळी बरोबर होतं, तू उगाच पर्सा सांभाळत बसलीस? हे कळून तिला बरं वाटेल की तिचं उरलेलं स्वास्थ्यही जाईल, हे मला कळत नव्हतं. न सांगून मात्र मला राहता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला तिच्याकडून माफी हवी होती, आणि ती मागायला मी आठ वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन निघालो होतो.

मितूनं दार उघडलं, घड्याळाकडे बघितलं, ओवीला पाणी दिलं. मला खुर्ची दाखवली. मी बसलोच नाही. उभ्या उभ्या, एका दमात, मॅडमचा डावा पाय, ओवीनं सांगितलेलं, बाबांची तालीम, गच्ची, सगळं सांगितलं. तू चुकत नव्हतीस, असं दोनदा म्हणालो. ती धुतलेल्या डब्यांची झाकणं डब्यांना लावत होती. शेवटचं झाकण लावून झाल्यावर ती बोलली.

"मला माहीत होतं. बाबा तोंडानं उजवा म्हणायचे आणि पाय डावा उचलायचे. पहिल्याच दिवशी दिसलं मला."

माझा आवाज चढला असावा, कारण तिनं एक हात कानाशी नेला. मी हळू करून विचारलं, मग तेव्हा कुणाला विचारलं का नाहीस.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "तुला."

मी विचारलं, कधी.

"बुधवार होता. तू गच्चीवर चकत्या घासत होता. मी म्हटलं, बाबांचा शब्द वेगळा आहे आणि पाय वेगळा आहे, त्यातलं मी कोणतं करू? तू म्हटलं, तोंडाकडे काय बघते, पायाकडे बघ. बाबा करतात तस्सं कर. म्हणून मी पायाकडे बघितलं."

मला हे आठवत नाही. खीर आठवते, राखेचा वास आठवतो, फ्रॉकचा रंग आठवतो. जुने दिवस आठवण्यात आपला हात कुणी धरणार नाही अशा तोऱ्यात मी आजवर वावरलो. आणि ही एक गोष्ट, जिच्यावर तिची तीस वर्षं लटकली होती, माझ्या डोक्यात तिचा मागमूस नाही. मी कुठलीतरी चकती घासता घासता, मान वर न करता ते बोललो असणार. तिनं ते पाळलं. मी तिला पाळल्याबद्दल मारलं आणि मग ओळीतून काढायला लावलं.

बाबांना का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"बाबांनीही तेच म्हटलं होतं, मी करतो तसंच करा. दोन माणसांनी सांगितल्यावर तिसऱ्यांदा काय विचारायचं?" तिच्या बोलण्यात कुठे धार नव्हती. नोंद वाचून दाखवावी तसं ती सांगत होती. तिनं पुन्हा घड्याळ बघितलं. "सहा वाजले. मला आता लेझीम करायची आहे. तुम्ही बसू शकता."

सहा ते साडेसहा तिच्याकडे कुणी जायचं नाही, फोन करायचा नाही, हा नियम आम्ही सगळेच वर्षानुवर्षं पाळत आलो होतो. आई म्हणायची, त्या वेळेला ती वंदना घेत असेल. कुणीही, मीसुद्धा, कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी ओवीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसलो आणि मितूनं चटई गुंडाळून ठेवली, ओढणी काढून खुर्चीवर घातली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. हातांत काही नव्हतं. ओवीनं विचारलं, आत्या, लेझीम कुठे आहे. मितू म्हणाली की लेझिमेचा आवाज सहन होत नाही, म्हणून नुसते हात ती धरल्यासारखे धरते. मग तिनं हेही सांगून टाकलं की पहिली नऊ वर्षं बत्तीस मोजण्या सलग जमत नव्हत्या, त्या जमल्या सरावाच्या दहाव्या वर्षी, आणि रविवारी ती दोनदा करते.

ती मोठ्याने मोजू लागली. एक. दोन. खांदे ताठ, मान जरा जास्तच पुढे, कोपर एकदा कपाटाला लागलं तरी थांबली नाही. कुणी तिला सुरेख नाचते म्हटलं नसतं. पण पाचव्या-सहाव्या मोजणीला मी तिची पावलं बघू लागलो. ते पाय मला ओळखीचे होते. डावी टाच किंचित उशिरा टेकणं, वळताना उजव्या पावलाची बाहेरची कड घासणं, चौदाला श्वास नाकातून सोडणं. आम्ही बाकीचे सगळे बाबांसमोर उभे राहून वर्षानुवर्षं त्यांचा आरसा झालो होतो. बाबा आमच्यातल्या एकाच्याही अंगात उतरले नव्हते.

सतराला ती वळली. पुढे बैठक होती. बैठकीआधी ती क्षणभर थांबली, दोन्ही हात खाली नेले, सलवार गुडघ्यांपाशी चिमटीत धरून जराशी वर ओढली आणि मग खाली बसली.

सलवार ढगळ होती. ती वर ओढायची काहीच गरज नव्हती.

बाबांची ड्युटीची पँट गुडघ्यांत आवळायची. खाली बसायच्या आधी ते ती अशीच, दोन बोटांच्या चिमटीत धरून, वर घ्यायचे. मैदानातच नाही, जेवायला बसतानाही, माझा अभ्यास घेताना पायरीवर बसतानाही. ते गेल्यावर आईनं त्या पँटी देऊन टाकल्या आणि ती चिमूट जगातून गेली. ती गेली आहे हे मला माहीतही नव्हतं. जयंतीच्या फोटोंत नाही, लग्नाच्या अल्बमात नाही, कुठेच नाही. आणि इथे दुर्गापुऱ्यातल्या एका खोलीत ती रोज संध्याकाळी सहा वाजता होत होती.

"मितू," मी म्हटलं, "हे मध्ये काय केलंस तू?"

ती बैठकीतच होती. तिनं मान वळवली नाही.

"ती अठरावी," ती म्हणाली. "तुम्ही सगळे ती गाळायचा."

तिनं नाच पुरा केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. मी ओवीला मांडीवरून उतरवलं आणि उठलो. समोर गेलो नाही. मितूच्या मागे जाऊन, तिचे पाय दिसतील असा उभा राहिलो. बरेच चुकलो. ती मोजत राहिली. अठरा आले तेव्हा मी पँट गुडघ्यांपाशी चिमटीत धरून वर ओढली आणि तिच्या मागोमाग खाली बसलो. एकोणीसला उठायचं होतं. मला उठता आलं नाही.